परतीचे कलम



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'परदेशात एक वर्ष शिकून घरी परतलेली मुले' असा विषय सांगितला. त्यांना थोडे नवल वाटले. कामगार संघटनेचा माणूस बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या द्वारसभांत झाले. परदेश मी पाहिलेला नाही. तरीही हा विषय मला परका वाटत नाही. माणूस आपली जागा सोडून जातो, काही काळाने परत येतो, आणि आपली जागा त्याला सापडत नाही. हा प्रकार मी गेली तीस वर्षे पाहत आलो आहे.

मुंबईच्या गिरण्या चालू होत्या त्या काळी तिथे बदली कामगारांची पद्धत होती. कोकणातला किंवा घाटावरचा एखादा साचेवाला शिमग्याला गावी गेला आणि आजारपणाने दोन महिने तिथेच अडकला, तर त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा राही. गिरणी कोणासाठी थांबत नसे. परतलेल्या माणसाला हजेरीपटावर आपले नाव दिसे, पण खात्यात शिरल्यावर त्याच्या ध्यानात येई की सुताचा नंबर बदलला आहे, जॉबर नवा आहे, आणि आपल्याविना दोन महिने सारे बिनबोभाट चालले आहे. जुन्या माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे की, गावी जाताना डोळ्यांत पाणी येई ते वेगळे. परत आल्यावर पहिले आठ दिवस जो जीव कोंडे, तो कोणाला सांगता येत नसे. नोकरी गेलेल्या माणसाच्या दुःखाला नाव आहे. नोकरी आहे, घर आहे, माणसे आहेत, आणि तरी माणूस उपरा झाला आहे, या दुःखाला नाव नाही. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

प्रथम ही विनिमयाची योजना म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना वाहून नेण्यासाठी काही अमेरिकन तरुणांनी फ्रान्समध्ये स्वयंसेवी रुग्णवाहिका चालवल्या. त्यांची संस्था अमेरिकन फील्ड सर्व्हिस. दुसऱ्या महायुद्धातही तिने हेच काम केले. युद्ध संपल्यावर या माणसांच्या मनात असे आले की, मेलेली आणि जखमी पोरे उचलत बसण्यापेक्षा जिवंत पोरे एकमेकांच्या घरी राहायला पाठवावीत. 1947 साली त्यांनी शाळकरी मुलांची देवघेव सुरू केली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1946 मध्ये, अमेरिकेत फुलब्राइट कायदा झाला. युद्धात उरलेले सामान परदेशांत विकून जो पैसा येईल, तो विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या जाण्यायेण्यावर खर्चावा, अशी त्यामागची कल्पना होती. भारताने त्या योजनेचा करार 2 फेब्रुवारी 1950 रोजी केला. पुढे 2002 साली केनेडी–लुगार या नावाची योजना निघाली आणि तिच्यातून शाळकरी वयाची मुले पूर्ण खर्चासह एका वर्षासाठी अमेरिकेत जाऊ लागली. ही मुले तिथे वसतिगृहात राहत नाहीत. एखाद्या कुटुंबात त्या घरचे मूल म्हणून राहतात, तिथल्या शाळेत जातात, आणि ते कुटुंब या कामाचा मोबदला घेत नाही.

करार वाचण्याची मला व्यवसायामुळे सवय आहे. या साऱ्या योजनांत एक कलम समान असते: वर्ष संपले की घरी परतले पाहिजे. नोकरीसाठी जाणारा माणूस तिथे राहू शकतो. विनिमयाच्या विद्यार्थ्याला मात्र परतावेच लागते. सरकारी पैशाने गेलेल्यांच्या बाबतीत तर अमेरिकेचा कायदा असा आहे की, त्यांनी मायदेशी दोन वर्षे काढल्याखेरीज त्यांना तिथे कायमचे राहण्याचा हक्क मिळू नये. यावरून एक गोष्ट उघड होते. जाणे ही या कराराची उचल आहे. काम सुरू होते ते परतल्यावर. असे असता आपण काय करतो? जाण्यापूर्वी मुलाखती, तालमी, सत्कार, पेढे. परतल्यावर विमानतळावर एक हार. पुढच्या कलमाची अंमलबजावणी कोणी करायची, याची कोणाला वास्तपुस्त नसते.

आता एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आमच्या संघटनेच्या एका सभासदाची मुलगी. बाप औद्योगिक वसाहतीत फिटर, आई घरी शिवणकाम करी, धाकटा भाऊ सातवीत, घर दोन खोल्यांचे. मुलगी हुशार, परीक्षा आणि मुलाखती देऊन निवडली गेली आणि अकरावीच्या वयात दहा महिने अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान गावी राहून आली. साऱ्या चाळीला अभिमान वाटला. ती परतल्यानंतर सहा-सात आठवड्यांनी तिचा बाप माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, पोरगी विमानातून उतरली, पण अजून घरी पोचली नाही बघा."

मी विचारले, "म्हणजे काय होतंय?" त्याला नीट सांगता येईना. ती भांडत नव्हती, आजारी नव्हती. जेवण झाले की स्वतःचे ताट स्वतः घासायची, यात वाईट काही नाही. पण भावालाही घासायला सांगायची आणि त्यावरून आजी रुसायची. आईने पाणी दिले तर "थँक यू" म्हणायची, आणि आईला वाटायचे, पोर आपल्याला परके समजू लागली. सकाळी कोणाशी न बोलता अर्धा तास खिडकीत बसायची. रात्री उशिरा तिकडच्या 'आई'शी फोनवर बोलायची आणि नंतर रडायची. हिला इथे काय कमी आहे, हे खऱ्या आईला कळेना. कॉलेजात बरोबरीच्या मैत्रिणी बारावीला गेलेल्या. हिचे वर्ष धरले गेले नाही म्हणून ही पुन्हा अकरावीत, एक वर्षाने लहान मुलींमध्ये. तिथे सरांना दोनदा प्रश्न विचारला, तर तिसऱ्यांदा सगळा वर्ग हसला. नाव पडले 'अमेरिका'.

मी तिच्याशी बोललो. मुलगी मोठी समजूतदार. ती म्हणाली, "काका, सगळे विचारतात, कसं होतं तिकडे? मी सांगायला लागते, आणि दोन वाक्यांत त्यांचं ऐकून होतं. बर्फ पाहिलास का, वॉशिंग मशीन होतं का, एवढंच त्यांना हवं असतं." मग मी तासभर काही न बोलता ऐकले. तिने सांगितलेल्या गोष्टी निराळ्याच होत्या. ती ज्या घरी राहिली, तिथली बाई रुग्णालयात परिचारिका होती आणि पाळ्या बदलून काम करी. नवरा गोदामात कामाला होता. त्याची पाठ दुखे, पण नोकरी गेली तर औषधोपचाराचा विमाही जाईल म्हणून तो रजा घेत नसे. दर शनिवारी ही मुलगी त्या बाईबरोबर गरजूंना अन्नधान्य वाटण्याच्या केंद्रावर जाई. तिथे रांगेत उभी राहणारी माणसे मोटारीतून येत, आणि तरी त्यांच्या घरी महिनाअखेर धान्य नसे. हे पाहून तिला काय वाटले, हे तिला इथे कोणीही विचारले नव्हते. श्रीमंत देशातही कामगाराचा महिना कसा सरतो, याची प्रत्यक्ष साक्ष देऊ शकणारी एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी आमच्या वसाहतीत बसली होती, आणि आम्ही तिला बर्फाविषयी विचारत होतो!

मंडळी, या प्रकाराचा अभ्यास झालेला आहे. 1955 साली स्वेर्रे लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट योजनेतून अमेरिकेला जाऊन आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवर एक लेख लिहिला. त्याला असे दिसले की, परदेशात गेलेला माणूस आरंभी हरखलेला असतो, मग काही महिन्यांनी त्याचे मन खाली बसते, आणि पुढे तो हळूहळू सावरतो. कागदावर काढले तर दरीसारखी रेघ उमटते. 1963 साली जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दांपत्याने परदेशांतून परतलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांवरून आणि अध्यापकांवरून असे मांडले की, अशा दऱ्या एक नव्हे, दोन असतात. पहिली परक्या देशात लागते. दुसरी आपल्याच उंबरठ्याच्या आत. पुढच्या संशोधकांनी या रेघेवर पुष्कळ आक्षेप घेतले. काहींना परदेशात पहिल्याच दिवसापासून जड जाते. काहींना दरी लागतच नाही. तेव्हा प्रत्येक मुलाच्या कपाळी हीच रेघ लिहिलेली आहे, असे कोणी समजू नये. पण परतणे हे सोपे काम आहे, हा आपला समज या अभ्यासांनी मोडला, हे त्यांचे मोठे काम होय. परक्या देशी अडचण येणार हे माणूस धरूनच चालतो. घरी अडचण येईल असे त्याने धरलेले नसते, म्हणून तीच अडचण दुप्पट लागते.

असे का होते? याचे उत्तर देणारा एक निबंध 1945 साली आल्फ्रेड शुट्झ या विचारवंताने लिहिला. हा मूळचा ऑस्ट्रियाचा, नाझींच्या भीतीने अमेरिकेत आलेला. दिवसा बँकेच्या व्यवहारात नोकरी करी आणि रात्री तत्त्वज्ञान लिही. महायुद्धातून घरी परतणाऱ्या सैनिकांविषयी हा निबंध आहे. त्याचे म्हणणे मी माझ्या भाषेत सांगतो. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. न सांगता कळणाऱ्या गोष्टींचा जो साठा, त्याचे नाव घर. चहात साखर किती, बाबा गप्प बसले म्हणजे काय, कोणाच्या पावलांचा आवाज कोणता. हा साठा रोजच्या सहवासाने भरत राहतो. माणूस दूर गेला की दोन्ही बाजूंचा साठा शिळा होऊ लागतो. गेलेला माणूस मनात जुने घर जपतो. घरची माणसे मनात जुना माणूस जपतात. भेट होते ती दोन नव्यांची, पण दोघेही जुन्यालाच शोधत राहतात.

मी यात माझ्या अनुभवाची एक भर घालतो. आपण घरचे लोक दूर गेलेल्याला खरे कळवत नाही. गांधीजी 1891 साली बॅरिस्टर होऊन विलायतेहून मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा त्यांना समजले की आई केव्हाच वारली आहे. परक्या देशात पोराला धक्का बसू नये, म्हणून वडील बंधूंनी बातमी दाबून ठेवली होती. पुढे त्याच बंधूंनी त्यांना आपल्या नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि राजकोटला जातीला जेवण दिले, कारण समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकले होते. तरीही जातीतल्या एका तटाने त्यांना आत घेतले नाही. सासरच्या घरी पाणी पिण्याचीही बंदी राहिली. त्या काळच्या समाजाकडे परतणाऱ्यासाठी निदान एक विधी होता, मग तो कितीही चुकीच्या कल्पनेवर उभा असो. आज तो विधी गेला, हे फार चांगले झाले. पण त्याच्या जागी आपण काहीच ठेवले नाही.

आणि बातमी दाबण्याची रीत मात्र आपण टिकवली आहे. आता रोज फोनवर तोंड दिसते. पण तोंड दिसले म्हणजे घर दिसले असे नाही. ज्या मुलीची गोष्ट मी सांगतो आहे, तिच्या बापाला ती परदेशी असताना कारखान्याने कामावरून कमी केले होते. चार महिने तो घरी बसून होता. आईने शिवणकाम सोडून एका कपड्याच्या दुकानात उभ्याने दहा तासांची नोकरी धरली. घरचे पाणी, दळण, आजीचे औषध हे सारे सातवीतल्या पोराने अंगावर घेतले. मुलीला यातले अवाक्षर कळवले नाही. फोन आला की बाप सदरा घालून, केस विंचरून बसे. संघटनेने प्रकरण लढवले, तडजोड झाली, तो पुन्हा कामावर लागला, पण कंत्राटदाराच्या हजेरीवर, कमी पगारात. मुलगी परतली तेव्हा तिच्या मनात जुने घर होते. प्रत्यक्षात आई थकलेली, बाप खचलेला, आणि भाऊ जबाबदार झालेला. तिची कामे आता बदलीवाला करत होता, आणि चांगली करत होता! ती भावाला ताट घासायला सांगते, त्याचा घरच्यांना राग का येतो, हे आता तुमच्या ध्यानात येईल. त्या पोराने दहा महिने सगळ्यांची ताटे घासली होती.

मी त्या घरी एका रविवारी गेलो आणि बापाला म्हणालो, "आता सगळं सांगून टाक तिला." तो तयार नव्हता. शेवटी आईनेच सांगितले. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने आजीचे औषध आणि पाणी स्वतःकडे घेतले, आणि ताटांची पाळी भाऊबहिणींनी आपसांत ठरवून घेतली. खरी बातमी समजली की माणूस आपली जागा शोधू लागतो. ती दाबली की तो पाहुणा राहतो.

पण घरच्यांनी समजून घेतले की प्रश्न सुटला, असे म्हणून मी थांबलो असतो, तर या व्याख्यानाला संघटनेचा माणूस कशाला हवा होता? घराबाहेर जागा आहे की नाही, हा खरा मोठा प्रश्न आहे. याला इतिहासाचा आधार देतो.

जपानमध्ये 1960 नंतर कंपन्यांनी आपले नोकर कुटुंबांसह परदेशी पाठवायला आरंभ केला. त्यांची मुले काही वर्षांनी परतू लागली. त्यांना 'किकोकुशिजो', म्हणजे परत आलेली मुले, असे नाव पडले. ही मुले जपानी नीट लिहीत नाहीत, वर्गात फार प्रश्न विचारतात, सगळ्यांत मिसळत नाहीत, अशी तक्रार सुरू झाली. त्यांच्यात दोष आहे आणि तो शाळेने काढून टाकला पाहिजे, असे मानले गेले. काही वर्षांत चित्र पालटले. त्यांच्यासाठी शाळा निघाल्या, विद्यापीठांत त्यांना राखीव प्रवेश मिळाले, आणि तीच मुले देशाची संपत्ती म्हणून ओळखली जाऊ लागली. मुले तीच, सवयी त्याच! मग बदलले काय? रॉजर गुडमन या अभ्यासकाने 1990 साली एका ग्रंथात याचे उत्तर दिले. या मुलांचे पालक राजदूत, अधिकारी, मोठ्या कंपन्यांचे व्यवस्थापक असे वजनदार लोक होते. त्यांनी सरकारकडे आणि विद्यापीठांकडे मागणी लावून धरली आणि जागा करून घेतली. कामगाराच्या भाषेत सांगायचे तर त्यांचे सामुदायिक वाटाघाटींचे बळ मोठे होते. तेव्हा जिला आपण मुलाच्या स्वभावातली अडचण म्हणतो, ती पुष्कळदा त्याच्या जागेची अडचण असते. जागा मिळाली की अडचणीचाच गुण होतो.

महाराष्ट्रात या गोष्टीचे दोन दाखले आहेत. मुंबईच्या प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली ऑक्सफर्डला गेले आणि 1903 साली परतले. ज्यांनी पाठवले, त्यांनी परतल्यावर त्यांना प्रचारकाची जागा दिली. ते हिंडले, माणसांत मिसळले, आणि तीन वर्षांत, 1906 साली, अस्पृश्यवर्गाच्या शिक्षणासाठी त्यांची मंडळी उभी राहिली. विलायतेत त्यांनी जे पाहिले, त्याला इथे पाय टेकायला जमीन होती.

दुसरा दाखला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा. 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्या करारातही परतीचे कलम होते: परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. ते कलम पाळण्यासाठी ते 1917 साली बडोद्यास आले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. बडोद्याच्या स्थानकावर ती जाणीव परत आली, कारण राहायचे कुठे, हा प्रश्न पुढे उभा राहिला. पारशी नाव धारण करून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. साऱ्या शहरात त्यांना कोणी आसरा दिला नाही, आणि ते मुंबईस परतले. ज्या राज्याने विद्वान घडवण्यासाठी पैसा ओतला, त्या राज्याच्या राजधानीत त्या विद्वानाला एक खोली मिळाली नाही. हा दोष त्यांच्या 'जुळवून घेण्याचा' होता, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? पुढे त्यांनी जागा मागितली नाही, ती उभी केली. 1920 साली 'मूकनायक', 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा, 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष. एका परतलेल्या माणसाने कोट्यवधींसाठी जागा केली.

सामान्य घरातल्या पोराकडून आपण एवढ्या पराक्रमाची अपेक्षा धरू शकत नाही, धरूही नये. म्हणूनच त्याच्यासाठी जागा करणे हे आपल्या सगळ्यांचे काम ठरते. साहेबाचा मुलगा परतला तर बापाच्या ओळखीने त्याला वाट मिळते. फिटरची मुलगी परतली तर तिची ओळख कोणाशी? तिच्या बाजूने वाटाघाटीला कोण बसणार?

इथे मला पुन्हा त्या लिसगार्डची आठवण होते. परदेशी गेलेल्यांवर लेख लिहिणाऱ्या या माणसाने 1961 साली दुसरे एक पुस्तक लिहिले, ते एका कारखान्यातल्या कामगारांवर. त्यात तो सांगतो की, कारखान्याची व्यवस्था माणसाकडे अखंड मागत राहते, तिचे समाधान कधी होत नाही. अशा वेळी सारख्या अडचणीतले, एकमेकांच्या जवळ असणारे, एकमेकांशी बोलणारे कामगार आपोआप एक कवच तयार करतात आणि त्याच्या आड एकमेकांना सांभाळतात. दोन्ही विषय एकाच माणसाने अभ्यासावेत, हा योगायोग असेल. पण मला त्यात एक अर्थ दिसतो. परतलेले मूल एकटे असते. त्याच्या अडचणीतला दुसरा कोणी त्याच्या गल्लीत नसतो. त्याला हवे ते असे कवच.

आमच्या कचेरीत आम्ही जे केले, ते लहानसे आहे, पण सांगतो. कारखान्यात रसायनांची पिंपे येतात. त्यांबरोबर सुरक्षिततेचे पत्रक येते, तेही इंग्रजीत. पिंप हाताळणाऱ्याला ते वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते तो पिंप हाताळत नाही. त्या मुलीला मी ही पत्रके दिली. तिने रविवारी कचेरीत बसून त्यांचे साध्या मराठीत रूपांतर केले: कशाचा वास घेऊ नये, डोळ्यांत गेले तर किती वेळ पाणी मारावे, कोणते पिंप कोणत्या पिंपाशेजारी ठेवू नये. अडले तिथे तिने रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले. वर्गात हसले गेलेले तिचे प्रश्न इथे कामाला आले. "हे पत्रक कामगारांना आजवर कोणी वाचून का दाखवलं नाही?" हा तिचा प्रश्न आम्ही पुढच्या मागणीपत्रात घातला. आखातातून परतलेले दोन वेल्डर आणि सैन्यातून निवृत्त झालेला एक हवालदार तिथे रविवारी येऊन बसत. त्यांनी तिला सांगितले की परतल्यावर त्यांनाही वर्षभर असेच झाले होते. सतरा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा हवालदार एका अनुभवावर बोलतात, हे मी पाहिले. एका रविवारी तिचा बाप आला, तिचे मराठी पत्रक त्याने हातात धरून मोठ्याने वाचले, आणि तो घरी गेला. तो काही बोलला नाही.

तिचे सगळे दुखणे गेले का? नाही. तिकडच्या त्या परिचारिका बाईची आठवण तिला येते, आणि ती यावीच. एका माणसाला दोन घरांची माया लागली, तर त्यात पहिल्या घराचे काही कमी होत नाही, हे आईलाही आता पटले आहे. कलम बांधताना माळी फांदी आणि रोप दोन्हींना थोडे तासतो, एकत्र आवळून बांधतो, आणि काही दिवस हात लावत नाही. घाईने सोडले तर ते धरत नाही. परतीचे कलमही असेच आहे. तासून घ्यावे लागते दोघांना: येणाऱ्याला आणि घराला.

म्हणून या गावातल्या नागरिकांपुढे मी थोड्या मागण्या ठेवतो. पालकांना माझे सांगणे आहे की, मूल दूर असताना त्याला घरची खरी हकीकत कळवा, आणि परतल्यावर घरच्या कामांची नवी वाटणी त्याच्यासह बसून ठरवा. नातेवाइकांनी पहिल्या महिन्यात त्याला एक पूर्ण तास ऐकून घ्यावे, आणि त्या तासात बर्फाविषयी विचारू नये. शिक्षणसंस्थांनी त्या वर्षाला खाडा मानू नये. शक्य तिथे विषयांची बरोबरी जुळवून द्यावी, आणि वर्ष धरता येत नसेल तर जाण्यापूर्वीच तसे लेखी सांगावे. वाचनालये, संघटना, महिला मंडळे यांनी परतलेल्या मुलाला हारतुरे देण्याऐवजी एक काम द्यावे. सत्कार पाहुण्याचा होतो. काम घरच्या माणसाला सांगितले जाते.

आणि इथे जी तरुण मुले-मुली बसली असतील, त्यांना एवढेच सांगतो. तुम्ही गेलात आणि परतलात, तर 'तिकडे असं असतं' हे वाक्य दिवसातून एकदाच वापरा, आणि त्याच्यापुढे 'इथे हे कसं करता येईल?' हा प्रश्न जोडा. तुमच्या गैरहजेरीत तुमचे काम कोणी केले, त्याची चौकशी करा आणि त्याचे आभार माना. एकटे राहू नका. तुमच्यासारखा दुसरा कोणी परतला असेल, त्याला शोधून काढा. दोघे झालात की तिसऱ्याला शोधा. संघटना अशीच होते, तिला दुसरी युक्ती नाही.

विनिमय म्हणजे देवघेव. आपल्या गावाने एक मूल दिले आणि वर्षाने ते परत घेतले, एवढ्याने देवघेव होत नाही. त्या मुलाने जे आणले, ते आपण घेतले तरच हिशेब पुरा होतो. पुढच्या उन्हाळ्यात या गावातली आणखी मुले कुठून कुठून परततील: कोणी परदेशातून, कोणी दिल्लीहून, कोणी नुसते पुण्याहून. त्यांच्यासाठी आपल्या घरात, वर्गात आणि संघटनेत कोणती जागा रिकामी ठेवली आहे, याचा विचार आपण आज घरी जाताना करावा, अशी माझी विनंती आहे.